लालफीत : कागद बांधणारी, काम अडवणारी!

दोस्तांनो, "आमचं काम लालफितीत अडकलंय," असं मोठ्या माणसांच्या बोलण्यात तुम्ही ऐकलं असेल. म्हणजे नेमकं काय?

समजा, वाशीम तालुक्यातल्या अनसिंगच्या एका मुलीला शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडायचाय. तिचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. कागद हरवला नाही, कुणी 'नाही'ही म्हटलं नाही. पण अर्जाची शेवटची तारीख मात्र निघून गेली! हीच ती लालफीत.

हा शब्द इंग्रजीतल्या 'रेड टेप'वरून आला. इंग्लंडमध्ये सरकारी आणि कोर्टाचे कागद लाल फितीने बांधायची रीत होती. तिथले वकील आजही कागदांना गुलाबी फीत बांधतात. फीत सोडा, वाचा, सही करा, पुन्हा बांधा, पुढच्या साहेबाकडे पाठवा! या घोळाला लोक इतके वैतागले, की दिरंगाईलाच फितीचं नाव पडलं. चार्ल्स डिकन्सने १८५० मध्ये पूर्ण झालेल्या 'डेव्हिड कॉपरफिल्ड' या कादंबरीत या फितीची खिल्ली उडवलीय.

आपल्याकडे जुन्या काळी कागद बांधत ते रुमालात. नाक पुसायचा रुमाल नव्हे हं! कागदांचा गठ्ठा गुंडाळायच्या कापडाला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. त्यांतल्या निवडक कागदांचे ४५ खंड रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. म्हणजे कागद बांधून ठेवणं वाईट नाही. त्यामुळेच तर इतिहास टिकला. वाईट काय, तर ते वेळेवर न सोडणं.

'दप्तर' हा मूळचा फारसी शब्द रोज तुमच्या पाठीवर बसून शाळेत येतो. त्यावरूनच लालफितीला आपलं नाव मिळालं, 'दप्तरदिरंगाई'. तिच्याविरुद्ध महाराष्ट्रात 'अधिनियम, २००५' या नावाचा कायदा आहे. फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे कामाच्या ७ दिवसांहून जास्त पडून राहू नये, असं तो सांगतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने तर सेवा मिळायची मुदतच ठरवायला लावली.

तेव्हा आईबाबांबरोबर दाखल्यासाठी जाल, तेव्हा अर्जाची पोच नक्की मागा. मुदतीची तारीख वहीत लिहून ठेवा. ती टळली, तर अपील करता येतं. आणि पुन्हा कुणी 'लालफीत' म्हणालं, की त्यांना रुमालाची गोष्टही सांगा!