विश्लेषण : प्रार्थनेच्या भाषेसाठी बिशपला तुरुंगवास का झाला? कोण होते स्लाव्हांचे मेथोडियस?

इ. स. ८७० मध्ये जर्मन राजाच्या दरबारात एका बिशपवर खटला चालला. न्यायासनावर बसलेलेही बिशपच होते. त्यातल्या एकाने आरोपीवर घोड्याचा चाबूक उगारला, अशी तक्रार पुढे थेट पोपच्या पत्रात नोंदवली गेली. हे आरोपी म्हणजे मेथोडियस. दुसऱ्यांच्या हद्दीत शिरून धर्मोपदेश केला, हा त्यांच्यावरचा आरोप. या वादाला आणखी एक बाजू होती : स्लाव्ह लोकांनी देवाची उपासना स्वतःच्या भाषेत करायची की नाही?

मेथोडियस कोण होते?

मेथोडियस यांचा जन्म इ. स. ८१५ च्या सुमारास बायझंटाइन साम्राज्यातल्या थेसालोनिकी शहरात झाला. हे शहर आज ग्रीसमध्ये आहे. त्या काळी आसपासच्या भागात स्लाव्हांची मोठी वस्ती होती, त्यामुळे ग्रीक बोलणाऱ्या घरांतल्या मुलांच्या कानावरही स्लाव्ह बोली पडत असे. मेथोडियस आधी सरकारी अधिकारी होते. स्लाव्ह वस्तीच्या एका प्रदेशाचा कारभार त्यांनी सांभाळला. नंतर नोकरी सोडून ते मठात दाखल झाले. त्यांचा धाकटा भाऊ कॉन्स्टंटाइन हा नावाजलेला विद्वान होता. जग त्याला ‘सिरिल’ या नावाने ओळखते, पण हे नाव त्याने आयुष्याच्या अगदी शेवटी घेतले.

मोरावियाला जाण्याची वेळ का आली?

आजच्या चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकियाच्या भागात तेव्हा मोरावियाचे राज्य होते. तिथे जर्मन भूमीतून आलेले धर्मगुरू काम करत होते आणि त्यांच्या मागोमाग जर्मन राजसत्तेचा दबावही येत होता. राजा रास्तिस्लाव्हला तो नको होता. म्हणून ८६२ च्या सुमारास त्याने कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट मायकेल तिसरा याच्याकडे स्लाव्ह भाषेत धर्म शिकवणारे शिक्षक मागितले. सम्राटाने या दोन भावांना पाठवले.

अडचण अशी होती, की स्लाव्ह भाषेला स्वतःची लिपीच नव्हती. सिरिल यांनी ती तयार केली. तिला ‘ग्लागोलिती’ म्हणतात. ८६३ मध्ये दोघे भाऊ मोरावियात पोहोचले आणि स्थानिक तरुणांना शिकवू लागले. उपासनेचे ग्रंथही स्लाव्ह भाषेत येऊ लागले.

विरोध कशासाठी होता?

एक कारण धार्मिक होते. येशूच्या क्रुसावरची पाटी हिब्रू, ग्रीक आणि लॅटिन भाषेत होती, म्हणून उपासना याच तीन भाषांत व्हावी, असे काही धर्मगुरू मानत. ८६७ मध्ये व्हेनिसमध्ये सिरिल यांना याच मुद्द्यावर वाद घालावा लागला. पुढे रोममध्ये पोप एड्रियन दुसरे यांनी स्लाव्ह ग्रंथांना मान्यता दिली. पण १४ फेब्रुवारी ८६९ रोजी सिरिल यांचे रोममध्येच निधन झाले. हाती घेतलेले काम सोडून मठात परतू नकोस, अशी विनवणी त्यांनी मरण्यापूर्वी भावाला केली, असे मेथोडियस यांच्या जुन्या चरित्रात म्हटले आहे.

दुसरे कारण हद्दीचे होते. पोपने मेथोडियस यांना पॅनोनियाचे आर्चबिशप नेमले. याच भागात साल्झबर्गचे धर्मगुरू सुमारे ७५ वर्षे काम करत होते. हद्द गेली म्हणजे अधिकार गेला आणि उत्पन्नही गेले.

तुरुंगवास कसा घडला?

८७० मध्ये रास्तिस्लाव्हचा पुतण्या स्वाटोप्लुक याने काकाला जर्मनांच्या हवाली केले. मेथोडियस यांचा आश्रयदाता गेला. बव्हेरियाच्या बिशपांनी त्यांना पकडले, दोषी ठरवले आणि सुमारे अडीच वर्षे कैदेत ठेवले. रोमला याची धड कल्पनाही नव्हती. ८७३ मध्ये पोप जॉन आठवे यांनी संबंधित बिशपांना कडक शब्दांत फटकारले, तेव्हा कुठे सुटका झाली.

तरी वाद मिटला नाही. ८८० मध्ये मेथोडियस यांना रोममध्ये पुन्हा बाजू मांडावी लागली. तीन भाषा निर्माण करणाऱ्या देवानेच बाकीच्या भाषाही निर्माण केल्या, अशा अर्थाचे पत्र पोपने स्वाटोप्लुकला लिहिले आणि स्लाव्ह उपासनेला परवानगी दिली. अट एवढीच, की शुभवर्तमान आधी लॅटिनमध्ये वाचावे, मग स्लाव्ह भाषेत. मात्र त्याच वेळी लॅटिनचा कैवारी असलेला विखिंग हा मेथोडियस यांच्या हाताखाली नित्राचा बिशप झाला आणि घरातच विरोधक उभा राहिला.

अखेरच्या वर्षांत मेथोडियस यांनी भराभर लिहू शकणारे दोन धर्मगुरू हाताशी घेऊन बायबलचा बहुतांश भाग भाषांतरित केला, असे चरित्र सांगते. ६ एप्रिल ८८५ रोजी त्यांचे निधन झाले.

मग हे काम टिकले कसे?

मोरावियात ते टिकले नाही. नवे पोप स्टीफन पाचवे यांनी स्लाव्ह उपासनेवर बंदी घातली. मेथोडियस यांच्या शिष्यांना हाकलून देण्यात आले, काहींना तर गुलाम म्हणून विकले गेले. क्लेमेंट, नाउम असे काही जण बल्गेरियात पोहोचले. तिथला राजा बोरिस याला ग्रीक धर्मगुरूंवर अवलंबून राहायचे नव्हते. त्याने त्यांचे स्वागत केले. ओह्रिड आणि प्रेस्लाव्ह इथे नव्या दमाने अध्यापन आणि ग्रंथलेखन सुरू झाले.

याच बल्गेरियात ग्रीक अक्षरांच्या आधारे एक सोपी लिपी घडली. रशियन, बल्गेरियन, सर्बियन या भाषा आज ज्या ‘सिरिलिक’ लिपीत लिहिल्या जातात, ती हीच. म्हणजे सिरिल यांचे नाव लागले असले, तरी ती त्यांनी तयार केलेली नाही. त्यांची लिपी ग्लागोलिती.

आज त्यांचे स्थान काय?

१९८० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी दोन्ही भावांना युरोपचे सहसंरक्षक संत घोषित केले. चेक प्रजासत्ताक आणि स्लोव्हाकियात ५ जुलैला त्यांच्या नावाने सुटी असते, तर बल्गेरियात २४ मे हा अक्षरांचा सण असतो. कॅथलिक चर्चने लोकभाषांतल्या उपासनेचा मार्ग सर्वत्र मोकळा केला तो १९६० च्या दशकात, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. वसईच्या चर्चमध्ये आज मराठीतून मिस्सा होते, तीही त्याच बदलामुळे. मेथोडियस यांनी हीच मुभा त्याआधी जवळपास अकराशे वर्षे मागितली होती.