शोधनिबंधाची पत

पेढीची पत तिच्या तिजोरीवरून ठरत नाही. तिच्या शब्दावर बाजार किती भरवसा ठेवतो आणि किती काळ ठेवतो, यावर ती ठरते. विज्ञानाच्या क्षेत्रातही असाच हिशेब चालतो. एखाद्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला की पुढील संशोधक आपल्या लेखनात त्याचा उल्लेख करून ऋण मान्य करतात. अशा उल्लेखांची सूची अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९६४ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. २००५ मध्ये होर्खे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञांनी ‘एच-निर्देशांक’ सुचविला. ज्याच्या चाळीस निबंधांना प्रत्येकी किमान चाळीस उल्लेख लाभले, त्याचा निर्देशांक चाळीस. नेमणुका, बढत्या आणि अनुदाने देताना आता असे आकडे पाहिले जातात. म्हणूनच ते काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

स्वीडनचे औषधशास्त्रज्ञ आर्विद कार्लसन यांचे उदाहरण यासाठी बोधक ठरते. त्यांच्या शोधाचे मूळ भारतीय सर्पगंधेत आहे. या वनस्पतीच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मधील निबंधात मांडले. पुढे त्यांना १९५७ चा लास्कर पुरस्कारही लाभला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सर्पगंधेतून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले.

लुंड येथे कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे निश्चेष्ट पडून राहिले. मग एल-डोपा टोचताच ते थोड्याच वेळात सावध होऊन हालचाल करू लागले. याविषयीचा निबंध १९५७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला, तोही जेमतेम पानभराचा. तोपर्यंत डोपामाइन म्हणजे नॉरअॅड्रेनालिन तयार होण्यासाठी लागणारा कच्चा माल, एवढीच समजूत होती. मेंदूत त्याला स्वतंत्र कार्य आहे, हे कार्लसन यांचे प्रतिपादन होते.

१९६० मध्ये लंडनच्या परिसंवादात सर हेन्री डेल यांच्यासारख्या ज्येष्ठांनी या प्रतिपादनावर विश्वास ठेवला नाही. त्या दिवशी कार्लसन यांची पत मोजली असती, तर ती अल्पच भरली असती. परंतु त्याच वर्षी व्हिएन्ना येथे कंपवाताने (पार्किन्सन) मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाइनची मोठी उणीव असल्याचे ओलेह होर्निकिएविच आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवून दिले. १९६१ मध्ये एल-डोपाच्या इंजेक्शनाने अंथरुणाला खिळलेले रुग्ण उठून चालू लागल्याचे वृत्त आले. आजही या विकारावरील ते प्रमुख औषध आहे. कार्लसन यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००० मध्ये, म्हणजे त्या पानभर निबंधानंतर त्रेचाळीस वर्षांनी.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्राचे विभागप्रमुख असलेले ऑलिव्हर लाउरी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक सोयीची रीत प्रसिद्ध केली. २०१४ च्या गणनेत या निबंधाचे उल्लेख तीन लाखांवर गेले होते आणि जगातील सर्व निबंधांत तो अग्रस्थानी होता. तो काही थोर निबंध नव्हे, असे खुद्द लाउरी म्हणत असत. मेंदूतील एकेका पेशीचे रसायन तपासण्याचे त्यांचे कष्टाचे कार्य मात्र त्या मानाने थोड्यांनाच ठाऊक आहे. वजनकाट्याचा उपयोग प्रत्येक दुकानात होतो, म्हणून काटा हा मालाहून मौल्यवान ठरत नाही.

उल्लेखांच्या या हिशेबात आणखी एक गोम आहे. निबंधाचे खंडन करणारा उल्लेखही गणनेत जमेलाच पडतो. उलट, एखादा शोध सर्वमान्य होऊन पाठ्यपुस्तकात गेला, की त्याच्या मूळ निबंधाचा निर्देश करण्याची गरज कोणाला भासत नाही. मेंदूतील डोपामाइनविषयी आज शाळकरी मुलेही वाचतात, पण त्यातील फार थोड्यांना लुंडचे ससे ठाऊक असतात.

आकडे पाहावेत, कारण ते आळशी आणि उद्योगी यांतला फरक सांगतात. मात्र तरुण संशोधकाची निवड करणाऱ्याने त्याच्या निबंधांची संख्या पाहून झाल्यावर त्यातला एखादा तरी निबंध स्वतः वाचावा. लंडनच्या त्या सभेत जे दिसले नाही, ते त्या एका पानावर स्पष्ट लिहिलेले होते.