आज सोडायची की नाही

मोखाड्याच्या पाड्यांवर गाभण गाईची तारीख सहसा कुणाला ठाऊक नसते. दवाखान्यात कृत्रिम रेतन केलेल्या गाईची गोष्ट वेगळी. तिच्या कार्डावर दिवस लिहिलेला असतो, त्यात २८० मिळवले की झालं. इथल्या गाई कळपानं रानात चरतात, कळपातलाच वळू त्यांना लागतो, आणि कधी लागला हे गुराख्याच्या नजरेला पडलं असेल तर पडलं. घरच्यांना कळतं ते पोट दिसायला लागल्यावर. खोडाळ्याच्या बाजूला ज्या घरी मी उतरलो होतो, तिथल्या आजीचा हिशेब असा: भातकापणीला पोट दिसलं, म्हणजे शिमग्याच्या आगंमागं व्यायला पाहिजे. आगंमागं म्हणजे पंधरा दिवस इकडे, पंधरा दिवस तिकडे.

या महिन्याभराच्या अंदाजातून नेमका दिवस हुडकायचा, हे इथलं काम. त्याचा निकाल रोज सकाळी एका प्रश्नावर लागतो: आज गाय कळपाबरोबर सोडायची की घरी बांधायची?

प्रश्न साधा दिसतो, पण दोन्ही उत्तरांना किंमत आहे. मार्च लागलेला. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाणी कोसळतं आणि उतारावरून, कातळावरून निघूनही जातं. उन्हाळ्यात याच तालुक्यांतल्या पाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. गाय घरी बांधली की तिला दिवसाला ३०-४० लिटर पाणी डोक्यावरून आणून द्यायचं, म्हणजे दोन-तीन हंडे, खालच्या डवऱ्यापासून चढ चढून. शिवाय भाताचा पेंढा गव्हाणीत टाकायचा, आणि तो पावसाळ्यासाठी राखून ठेवलेला. घरात माणसं असती तर निभलं असतं. पण दिवाळी झाली की इथली निम्मी घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती शिमग्याला चार दिवस येतात. आजीचा मुलगा-सूनही तिकडेच. घरी आजी आणि शाळेत जाणारा नातू. आठ दिवस आधी गाय बांधली तर आठ दिवसांचं पाणी आजीच्या मानेवर.

सोडली तर दुसरं संकट. दिवस भरलेली गाय कळपातून आपणहून मागे पडते, करवंदीच्या जाळीआड एकटी विते आणि वासरू तिथेच दडवून ठेवते. संध्याकाळी गाय घरी येते ती रिकाम्या पोटानं, भरल्या कासेनं, आणि वासरू रानात. मग दुसऱ्या दिवशी तिच्या मागं मागं जाऊन ते शोधायचं. तीही हुशार, कुणी मागं आहे असं दिसलं की भलत्याच वाटेला लागते. तोवर बिबट्या किंवा तरसानं ते शोधलं नसेल तर नशीब. वाघबारशीला वेशीवरच्या वाघदेवाला नारळ फोडलेला असतो, गुराखी त्या दिवशी गुरांसाठी गाऱ्हाणं घालतात, पण आजीचा भरवसा देवापेक्षा दाव्यावर जास्त.

गाय डांगी. पांढऱ्यावर काळे ठिपके, खुरं काळी आणि कठीण, अंगावर हात फिरवला तर तेलकट लागतं. या तेलामुळेच ही जात घाटमाथ्याच्या पावसात दिवसभर उभी राहू शकते, असं पाळणारे सांगतात. दूध बेताचं, हिची खरी किंमत बैल देणारी म्हणून. भातखाचराच्या चिखलात चालायला डांगी बैलच लागतो. पोटातला गोऱ्हा निघाला तर चार वर्षांनी औताला जुंपता येईल, म्हणून या वेतावर घराची नजर होती.

रोज सकाळी दावं सोडायच्या आधी आजी गाईच्या मागे उभी राहायची. आधी हात शेपटीच्या बुडाशी. तिथे दोन्ही बाजूंना कातडीखाली ताठ दोरासारखे बंध असतात. व्यायचे दिवस जवळ आले की संप्रेरकांमुळे ते सैल पडतात, शेपटीच्या दोन्ही अंगांना खड्डे पडतात आणि माकडहाड वर आल्यासारखं दिसतं. बंध किती सैल, हे एकदा चाचपून कळत नाही. काल कसे होते ते हाताला आठवावं लागतं. मलाही तिनं हात लावायला दिला. मला नुसतं मांस लागलं. आजी म्हणाली, "आजून ताठ हाय. सोड रं तिला," आणि नातवानं दावं काढलं.

मग निरण, म्हणजे योनीचं तोंड, बघायची. तिच्यावरच्या सुरकुत्या जाऊन ती सुजल्यासारखी, लोंबती दिसू लागते. शेवटी कास. पुस्तकात कास भरणं हे पहिलं लक्षण असतं, आणि संकरित गाईत ते लांबूनही दिसतं. डांगीची कास मुळात लहान, त्यामुळे तिच्यावर विसंबलं तर फसगत ठरलेली. पहिलारू कालवडीची कास तर कित्येक आठवडे आधी भरते. आजी कासेपेक्षा सड बघायची. सडांच्या चुण्या जाऊन ते तुकतुकीत झाले, टोकाशी मेणासारखा चिकट थेंब दिसला, म्हणजे एक-दोन दिवस.

लसीकरणासाठी पाड्यावर आलेल्या पशुधन पर्यवेक्षकांकडे याहून पक्की खूण होती. गाईच्या अंगाचं तापमान एरवी १०१.५ अंश फॅरेनहाइटच्या आसपास असतं. विण्याच्या आधीच्या दिवसभरात ते साधारण एका अंशानं उतरतं. पण त्यासाठी रोज ठरल्या वेळी थर्मामीटर लावून आकडे मांडावे लागतात, एकदाच लावून काही कळत नाही. म्हणजे आजीच्या हाताचाच नियम. आयर्लंडमध्ये गाईच्या शेपटीला बांधायचं यंत्र निघालं आहे. शेपटीची हालचाल वाढली की ते मालकाच्या मोबाईलवर संदेश धाडतं. पर्यवेक्षक हसून म्हणाले, "इथं संदेश घ्यायला टेकाडावर चढायला लागेल."

त्यांनी सांगितलेली दुसरी युक्ती मात्र बिनखर्ची होती. १९७० च्या दशकात कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात गस कोनेफल नावाच्या पशुपालकाच्या ध्यानात आलं की गाभण गाईंना चारा रात्री उशिरा घातला तर बऱ्याच जणी दिवसाउजेडी वितात. नेमकं कारण काय यावर मतं आहेत, पण पद्धत पुढे बऱ्याच देशांत वापरली गेली. आजीनं ऐकून घेतलं. रात्रीचा पेंढा तिनं उशिरा टाकायला सुरुवात केली, पण म्हणाली, "यायची तवाच येईल."

एका सकाळी तिचा हात शेपटीच्या बुडाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. निरणीतून मधाच्या रंगाची चिकट तार लोंबत होती. "आज नको," एवढंच बोलून तिनं हंडा उचलला. कळप गेला तशी गाय हंबरली, दाव्याला हिसके दिले, मग गप्प झाली. त्या दिवशी ती व्याली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उठबस सुरू झाली: बसायची, उठायची, मान वळवून पोटाकडे बघायची, शेपटी उचलून थोडंथोडं मुतायची. मी गोठ्याच्या दारात वाकून बघत होतो, तर आजीनं मला ओट्यावर बसवलं. "तू बघत राहिला तर ती व्यायची नाय, भाऊ." याला शास्त्राचा दुजोरा आहे. गाय बुजली की कळा मंदावतात. सतत राबता असलेल्या गोठ्यात वेळ लांबते. म्हणून कारवीच्या कुडातल्या फटीतून मधून मधून डोकवायचं आणि बाकी वेळ नाचण्या पाखडत बसायचं.

पाणमोट दिसली आणि फुटली तेव्हा मात्र आजी आत गेली. आता घड्याळाचं काम. पाणमोट फुटल्यापासून दोन तासांत काहीच पुढे सरकलं नाही तर डॉक्टर हवा, असं सांगतात. १९६२ या क्रमांकावर फिरता दवाखाना मागवता येतो. पण रेंजसाठी टेकाडावर जायचं आणि गाडी घाट चढून यायची, हा वेळ धरला तर पाड्यावर दोन तासांची मुदत एकाच तासाची होते. नातवाला आजीनं फोन देऊन उंबऱ्याशीच बसवलं होतं.

दोन खुरं बाहेर आली. आजीनं आधी त्यांचे तळवे कुठे आहेत ते पाहिलं. जमिनीकडे असले तर बहुधा पुढचे पाय, आभाळाकडे असले तर मागचे असण्याची भीती. खात्री करायची तर हात वर सरकवायचा: पुढच्या पायात खालचा सांधा आणि गुडघा एकाच दिशेला वळतात, मागच्या पायात उलट दिशांना. इथे तळवे खाली होते, आणि पाठोपाठ पायांवर टेकवलेलं नाक दिसलं. ओढायचं काही काम उरलं नाही. कळ आली की पुढे, थांबली की थोडं मागे, असं करत अर्ध्या तासात वासरू पेंढ्यावर आलं. आजीनं नाकातोंडातला चिकटा बोटानं काढला आणि बाजूला झाली, चाटायचं काम गाईचं. नाळेला लावायला पर्यवेक्षकांनी आयोडीनची बाटली देऊन ठेवली होती.

कालवड निघाली. गोऱ्ह्याची वाट बघणाऱ्या घरात चेहरे थोडे उतरतील असं मला वाटलं होतं, पण आजी म्हणाली, "बरं झालं, गाय वाढली."

यानंतर वाद झाला तो चिकावरून. वार पडल्याशिवाय वासराला पाजायचं नाही, ही जुनी समजूत. शेजारच्या म्हाताऱ्याची ठाम. खरं तर वासराच्या आतड्यातून चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं रक्तात शिरतात ती पहिल्या काही तासांतच. दिवसभरात ती वाट बंद होत जाते. आणि वासरू सडाला लागलं की गर्भाशय आवळतं, वार पडायला मदतच होते. वार पडायला आठ-दहा तास लागू शकतात, तेवढा वेळ थांबणं म्हणजे चिकाचा ऐन फायदा घालवणं. पर्यवेक्षकांनी हे सांगून ठेवलं होतं, आजीला ते पटलेलंही होतं, पण म्हाताऱ्यासमोर तिनं वाद घातला नाही. "बघू वाईच," म्हणाली. तो घरी गेल्यावर तिनं वासराला कासेला लावलं.

वार रात्री पडली. कुत्र्यांनी ओढू नये म्हणून नातवानं ती खळ्याच्या कडेला खड्डा करून पुरली. पर्यवेक्षक पुढच्या फेरीला आले तेव्हा त्यांनी गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक टिपून वेताची तारीख लिहून घेतली. आजीनं त्यांना विचारलं ते एवढंच, की गाय आता कधीपासून कळपाबरोबर सोडता येईल, कारण डवऱ्याचं पाणी खाली चाललं होतं.