जन्माची नोंद आणि माणसाचा देश

बीडकडून ऊसतोडीला आलेल्या एखाद्या भगिनीचे बाळंतपण करकंबच्या शिवारात, कोपीवरच झाले, तर बाळाची नोंद कोठे करायची? बहुतेक जण म्हणतात, "गावी गेल्यावर बघू." पण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्म जेथे झाला तेथेच नोंद होते. बाळ करकंबच्या हद्दीत जन्मले, तर करकंबच्या ग्रामपंचायतीत. २१ दिवसांत कळविल्यास फी नाही. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो, आणि तोवर टोळी कुठल्या कुठे गेलेली असते!

एका कागदाचे एवढे काय, असे वाटणाऱ्या माता-पित्यांनी आपल्याच राज्यातील एक वस्ती ध्यानात घ्यावी. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगावजवळ प्रतापगड येथे नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्या पाठोपाठ हजारो तिबेटी आले. हिवाळ्यात शहरांतून स्वेटर विकणारे तिबेटी आपण पाहतो. ते आपले धम्मबांधवच.

भारताने त्यांना जमीन दिली, शाळा दिल्या. मात्र १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे त्यांची गणना परकीयांत होते. नोंदणीपत्र जवळ ठेवायचे, मुदत संपली की वाढवून घ्यायचे. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत बौद्धांचे नाव आहे, पण ते पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तानातून आलेल्यांसाठी. तिबेटचा त्यात उल्लेख नाही.

नामग्याल डोलकर या तिबेटी तरुणीचा जन्म १९८६ मध्ये हिमाचलातील कांगडा येथे झाला. आई-वडील तिबेटी म्हणून तिला पासपोर्ट नाकारला गेला. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक आहे, असे कायदा सांगतो. डिसेंबर २०१० मध्ये ती जिंकली. तिच्या पाठचे भावंड १९८८ मध्ये जन्मले असते, तर त्याला हा हक्क मिळाला नसता! १ जुलै १९८७ पासून आई-वडिलांपैकी एक जण तरी नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक झाला: दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा.

म्हणजे आज जन्मलेल्या बाळाच्या दाखल्याबरोबर आई-वडिलांचे नागरिकत्वही पाहिले जाते. ज्यांच्या आई-वडिलांची जन्मनोंदच नाही, अशी घरे आपल्यात थोडी नाहीत.

बाबासाहेबांच्या मसुदा समितीने घडविलेल्या घटनेत कलम १४ व २१ 'व्यक्ती'साठी आहेत, केवळ नागरिकासाठी नव्हेत. याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचलातील चकमा बौद्धांना संरक्षण दिले. पण मतदानाचा हक्क नागरिकालाच.

१ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, पासपोर्ट यांसाठी जन्माचा दाखलाच पुरावा धरला जातो. बाळंतपण सरकारी दवाखान्यात झाले तर नोंद दवाखाना कळवितो, घरी वा कोपीवर झाले तर कुटुंबप्रमुखाने कळवायचे. बाळाचे नाव ठरले नाही म्हणून थांबू नये. नावाशिवायही नोंद होते आणि वर्षाच्या आत नाव फीशिवाय घालता येते.