परळहून मोखाड्याला : लाल गोळीची गोष्ट

गरोदर बाईने शक्यतो औषध घेऊ नये, हा सल्ला शहरातल्या शिकल्यासवरल्या घरांत जितक्या खात्रीने दिला जातो, तितक्याच खात्रीने तो जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरही दिला जातो. शहरात तो बऱ्याचदा निभावून जातो. तिथल्या बाईच्या अंगात रक्त बरे असते, डॉक्टर जवळ असतो आणि काही बिघडलेच तर तासाभरात इलाज होतो. डोंगरावर तो तसा निभावत नाही. अंगातले रक्त कमी, पावसाळ्यात हिवताप, भातखाचरात साप आणि रस्ता पाड्याच्या अलीकडेच संपलेला, अशा ठिकाणी औषधापासून लांब राहणे हीसुद्धा एक जोखीम आहे, आणि ती जोखीम कुणी मोजत नाही. या भागात गरोदर बाईला औषधाने होणाऱ्या अपायापेक्षा औषध न मिळाल्याने, उशिरा मिळाल्याने किंवा मध्येच सुटल्याने होणारा अपाय मोठा आहे, असे माझे ठाम मत आहे. औषध सुरक्षित आहे की नाही, हे केवळ गोळीच्या नावावरून कळत नाही. ती कोणत्या महिन्यात, किती, कशासाठी आणि कुणी दिली, यावर ते ठरते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. जव्हार आणि मोखाडा हे डोंगरी तालुके, त्यांतले जव्हार हे एकेकाळी मुकणे घराण्याचे संस्थान. 1 ऑगस्ट 2014 पर्यंत ते ठाणे जिल्ह्यात होते, नंतर पालघरमध्ये आले. वस्ती वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांची. 1992-93 मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी हा भाग राज्यभर चर्चेत आला. जव्हारला कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय, खाली प्राथमिक आरोग्य केंद्रे. अवघड रुग्ण पुढे नाशिकला किंवा ठाण्याला पाठवतात.

आता त्या लाल गोळीकडे वळू. आशाताईच्या पिशवीतल्या या गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. यातल्या फॉलिक ॲसिडची गोष्ट मोखाड्यापासून फार लांब नाही, परळच्या हाफकिन संस्थेत सुरू होते. 1928 मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणगावात आणि आसपासच्या गरीब वस्त्यांत गरोदर बायकांना एक विचित्र, अनेकदा जीवघेणा पंडुरोग होत होता. त्यात रक्तपेशी लहान होण्याऐवजी फुगत, आणि लोह देऊनही गुण येत नसे. विल्सने आधी जंतूंचा माग काढला, तो लागला नाही. मग ती या बायकांच्या ताटाकडे वळली आणि तिच्या ध्यानात आले की ज्यांच्या जेवणात ताजी भाजी, फळे, दूध जवळजवळ नसते, त्यांनाच हा आजार गाठतो. तिने उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. शेवटी तिने मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क बायकांना दिला आणि त्या झपाट्याने सुधारल्या. 1931 मध्ये तिने हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले. त्या अर्कात नेमके काय आहे, हे तेव्हा कुणालाच सांगता येईना, म्हणून पुष्कळ वर्षे त्याला ‘विल्स घटक’ म्हणत. 1941 मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा निघाला आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळाले. आज जगभर गरोदर बायकांना जे दिले जाते, त्याचा पहिला पुरावा मुंबईच्या कष्टकरी बायकांच्या रक्तातून आला, आणि ही गोष्ट मराठी शाळांच्या पुस्तकांत असायला हवी, असे मला मनापासून वाटते.

या गोष्टीचा पुढचा भाग तर माझ्या मुद्द्याचा गाभाच आहे. 1945 च्या सुमारास फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार करणाऱ्या, अमेरिकेतल्या लेडरले प्रयोगशाळेतल्या चमूचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांचा भाऊ संग्रहणीने गेला होता, आणि त्या आजारात फॉलिक ॲसिडची उणीव असतेच. त्याच प्रयोगशाळेने फॉलिक ॲसिडसारखीच दिसणारी, पण त्याचे काम अडवणारी रसायनेही बनवली. त्यांतले ॲमिनोप्टेरिन 1947-48 मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बरनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना दिले आणि कर्करोगाच्या औषधोपचारांचा पाया घातला. पण गरोदर बाईच्या पोटात तेच ॲमिनोप्टेरिन गेले तर गर्भाला भयंकर व्यंग येते, हे 1950 च्या दशकात दिसून आले. त्याचा धाकटा भाऊ मेथोट्रेक्सेट आजही गरोदरपणात वर्ज्य आहे. एकाच घराण्यातली ही औषधे, रेणूत जरासाच फरक. एक गरोदर बाईला द्यायलाच हवे आणि दुसरे देता कामा नये. ‘औषध चांगले की वाईट’ असा सरसकट प्रश्न विचारणाऱ्याने या दोघांकडे एकदा पाहावे.

यावर थॅलिडोमाइडचा दाखला हमखास पुढे येतो, आणि तो यायलाच हवा. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीत ही झोपेची गोळी बाजारात आली, गरोदर बायकांनी ती मळमळीवर घेतली आणि 1961 मध्ये मागे घेतली जाईपर्यंत दहा हजारांहून अधिक मुले आखूड किंवा अर्धवट हातपाय घेऊन जन्मली. पण या शोकांतिकेने शिकवले ते वेळेविषयी. गर्भ राहिल्यानंतरच्या साधारण तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात घेतलेल्या गोळीने हात, पाय, कान बिघडले. हेच वेळापत्रक फॉलिक ॲसिडला लागू आहे, फक्त उलट्या दिशेने. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून सुमारे 28 दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकून दोन आठवडे झाले, की ते काम संपलेले असते. ज्यांचे एक बाळ ही नळी नीट न मिटल्याचे व्यंग घेऊन जन्मले, अशा आयांना पुढच्या खेपेला आधीपासून फॉलिक ॲसिड दिले, तर ते व्यंग पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटते, हे 1991 च्या ब्रिटिश अभ्यासात सिद्ध झाले. मग ज्या पाड्यावर गरोदरपणाची नोंद तिसऱ्या-चौथ्या महिन्यात होते, तिथे पहिल्या आठवड्यांतली गोळी पोहोचणार कशी? लग्न झालेल्या मुलीच्या हाती ती गर्भ राहण्याआधीच पडली पाहिजे. इथे घाई औषध देण्याची करायला हवी, आणि आपण मात्र ते टाळण्याची करतो.

दुसरा आक्षेप आहाराचा. नागली, वरई, रानभाज्या खाणाऱ्यांना गोळ्या कशाला? आक्षेपात तथ्य आहे. 100 ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आणि साडेचार मिलिग्रॅम लोह असते. गरोदर बायकांना शिजवलेले जेवण देणाऱ्या, 2015 पासूनच्या अमृत आहार योजनेतले ताट हा तर मी सरकारच्या चांगल्या कामांतला एक मानतो. पण धान्यातले लोह अंगी फार थोडे लागते, जेवणावर कोरा चहा घेतला की आणखी कमी, आणि रानभाज्या बारा महिने नसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 45.7 टक्के गरोदर बायकांत रक्त कमी आढळले. त्याच पाहणीत देशभरात 180 दिवस गोळ्या घेतलेल्या आया केवळ 26 टक्के होत्या. गोळी दिली म्हणजे ती घेतली गेली, असे होत नाही. तिने मळमळते, शौच काळे होते, आणि बाळ मोठे होऊन अडेल ही भीती असते. अडून मेलेली बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ती भीती खरी वाटणारच. तिला अडाणीपणा म्हणणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याचे पुढचे कुणी ऐकत नाही. त्यापेक्षा गोळी रात्री झोपताना घे, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घे, चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेव आणि शौच काळे झाले तर घाबरू नकोस, एवढे नीट सांगितले तरी पुष्कळ गोळ्या डब्यातून पोटात जातील.

झाडपाल्याचे औषध नैसर्गिक म्हणून निर्धोक, हेही मला पटत नाही. भगताला वनस्पतींची ओळख असते, ती मी मोलाची मानतो. पण मात्रा मोजलेली नसते आणि गर्भावरचा परिणाम कुणी नोंदलेला नसतो. त्याहून अधिक धोका मला बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या सुईचा वाटतो. अंगदुखीवर, कंबरदुखीवर डायक्लोफेनॅकचे इंजेक्शन सर्रास दिले जाते. अशा वेदनाशामकांनी पाचव्या महिन्यानंतर बाळाभोवतीचे पाणी कमी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 मध्ये दिला. पुढे तर बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी मिटण्याची भीती असते. ताप-दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बरे. त्याचा स्वमग्नतेशी संबंध असल्याची आवई 2025 मध्ये अमेरिकेतून उठली, पण स्वीडनमध्ये 24 लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून, सख्ख्या भावंडांची तुलना केली तेव्हा तसा संबंध आढळला नव्हता. हिवतापातही हाच विवेक लागतो. क्लोरोक्विन गरोदरपणात चालते, प्रायमाक्विन चालत नाही, ते बाळंतपणानंतर. क्षयाच्या नेहमीच्या गोळ्या बंद करायच्या नसतात, पण स्ट्रेप्टोमायसिनची सुई बाळाचे कान निकामी करू शकते. घोणस किंवा मण्यार चावली आणि विष चढू लागले, तर प्रतिविष द्यायलाच हवे, पोटात बाळ आहे म्हणून हात आखडायचा नाही. पिसाळलेल्या कुत्र्यावरची लसही तशीच.

‘तज्ज्ञ डॉक्टरच नाहीत, मग जोखमीची औषधे खाली कशाला द्यायची?’ असा प्रशासनाकडून येणारा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. त्याला उत्तर मॅग्नेशियम सल्फेटचे आहे. गरोदरपणात रक्तदाब चढून झटके येतात, त्यावर हे स्वस्त औषध. 2002 च्या मॅगपाय चाचणीत 33 देशांतल्या दहा हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला, आणि या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपकेंद्राची नर्सबाईसुद्धा पुढे पाठवण्याआधी पहिला डोस, दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच ग्रॅम, देऊ शकते. 2022 च्या ऑगस्टमध्ये मोखाड्यातल्या मर्कटवाडीत वेळेआधी जन्मलेली जुळी बाळे दगावली, आणि रक्तस्राव होणाऱ्या आईला झोळीत घालून सुमारे तीन किलोमीटर न्यावे लागले. तिचा आजार वेगळा होता, पण वाट तीच आहे. झटके येणाऱ्या बाईला त्या वाटेने न्यायचे, तर औषध वाटेच्या अलीकडच्या टोकाला असले पाहिजे.

औषध पाड्यापर्यंत आले तरी प्रश्न संपत नाही, कारण वर्षातले काही महिने पाड्यांवरची घरेच बंद असतात. दिवाळी झाली की माणसे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जगायला जातात आणि होळीनंतर, पावसाच्या तोंडावर परततात. चौथ्या महिन्याची बाई भट्टीवर गेली तर तिच्या गोळ्यांचा सारा काळ तिथेच जातो. तिच्या गाठोड्यात पाच महिन्यांच्या लाल गोळ्या, कॅल्शियम आणि माता-बाल संरक्षण कार्ड असायला हवे. कार्डावर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीचा निकाल, रक्ताचे प्रमाण आणि चालू औषधांची नावे ठसठशीत लिहिलेली असावीत. ती कुठल्या भट्टीवर गेली, हे तिथल्या आशाताईला गावच्या आशाताईने फोन करून कळवावे. तिकडे बाळंत झाली तरी लाल गोळी पुढे आणखी 180 दिवस चालू ठेवायची असते, आणि हिवताप झालेला असेल तर राहिलेल्या प्रायमाक्विनबद्दल डॉक्टरांना विचारायचे असते.