पुस्तकात आपलं कुणी

चिखलीहून खामगावकडे निघालं की वाटेत उंद्री लागतं. सोयाबीन, कपाशी, तूर यांच्या भरवशावर जगणारं हे गाव. इथलं लेकरू घरात वऱ्हाडी बोलतं आणि शाळेत पुस्तकी मराठी शिकतं. याच बुलढाणा जिल्ह्यात मेहकर-लोणारकडच्या तांड्यांवर बंजाऱ्यांची गोरमाटी ऐकू येते, उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी कोरकू. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं असं सांगितलं आणि त्यात गोष्टीच्या पुस्तकांचाही उल्लेख केला. पण कपाटात आलेल्या पुस्तकांत या मुलांना आपलं शिवार, आपली माणसं, आपली बोली कितपत भेटते?

हा प्रश्न अमेरिकेत नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली मोजून मांडला. तीन वर्षांतली ५,२०६ बालपुस्तकं त्यांनी तपासली. कृष्णवर्णीय पात्र असलेली पुस्तकं त्यात सात टक्केही नव्हती. पुढे १९९० मध्ये अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी सांगितलं की पुस्तक मुलासाठी आरसाही असावं आणि खिडकीही. स्वतःला पाहता यावं, दुसऱ्याचं जगही दिसावं. मार्ली डायस या दहा वर्षांच्या मुलीने २०१५ मध्ये हेच काम हाती घेतलं. कृष्णवर्णीय मुली नायिका असलेली हजार पुस्तकं जमवायची आणि मुलांपर्यंत पोचवायची, असं तिने ठरवलं.

आपल्याकडे या वाटेवर मोठं काम उभं राहिलं ते ‘प्रथम बुक्स’चं. बंगळुरूची ही ना-नफा प्रकाशन संस्था २००४ मध्ये सुरू झाली. रोहिणी निलेकणी तिच्या संस्थापकांपैकी एक. प्रत्येक मुलाच्या हाती पुस्तक, हा संस्थेचा ध्यास. त्यासाठी किंमत कमी ठेवली आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत पुस्तकं काढली. चार वाचनपातळ्या ठरवल्या, म्हणजे नुकतं अक्षर लावू लागलेल्या मुलालाही त्याच्या जोगं पुस्तक मिळतं. निलेकणींनी लिहिलेल्या एका गोष्टीचा नायक शृंगेरी श्रीनिवास हा लांब केसांचा शेतकरी. त्याला केस कापून घ्यायचे आहेत, पण कुणालाच सवड नाही. शेतकरी इथे बिचारा म्हणून येत नाही. तो गंमतीचा, लाडका नायक आहे. ज्याचा बाप शेतात राबतो, त्या मुलाला अशी गोष्ट वाचायला मिळणं फार मोलाचं.

संस्थेच्या ‘डोनेट अ बुक’ उपक्रमात गरज आधी मांडली जाते. मुलं किती, भाषा कोणती, पुस्तकं किती हवीत, हे शाळा किंवा संस्था सांगते आणि देणारे त्यासाठी पैसे देतात. दानाची ही रीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. घरातली जुनी गाइडं आणि फाटकी पुस्तकं शाळेत नेऊन टाकली की आपली अडगळ कमी होते, मुलांचं वाचन वाढत नाही.

२०१५ च्या साक्षरता दिनी, ८ सप्टेंबरला, संस्थेने ‘स्टोरीवीव्हर’ हे डिजिटल भांडार खुलं केलं. सुरुवातीला तिथे चोवीस भाषांतल्या आठशे गोष्टी होत्या. परवाना खुला आहे. मूळ लेखक-चित्रकारांचं नाव देऊन कुणीही गोष्ट उतरवून घ्यावी, छापावी, अनुवाद करावा. उंद्रीच्या शाळेतले सर किंवा मॅडम एखादी गोष्ट वऱ्हाडीत करू शकतात. तांड्यावरची आजी सांगेल आणि नात देवनागरीत लिहून घेईल, तर तीच गोष्ट गोरमाटीतही येईल. ज्या भाषेत पुस्तकं निघाली नाहीत, त्या भाषेच्या मुलांना आता प्रकाशकाची वाट पाहत बसायला नको.

अनुवादाबरोबर आपल्या भागातल्या माणसांच्या गोष्टीही हव्यात. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून भल्याभल्यांना जाब विचारला. त्यांची गोष्ट उंद्रीच्या प्रत्येक मुलीला चित्रांसह, सोप्या भाषेत वाचायला मिळायला हवी. आपल्याच जिल्ह्यातली बाई असं लिहू शकली, हे तिला दहाव्या वर्षी कळलं पाहिजे.

म्हणून वाढदिवसाला किंवा वडिलांच्या स्मरणार्थ शाळेला पुस्तकं द्यायची असतील, तर आधी वर्गशिक्षकांशी बोला. मुलं घरात काय बोलतात, कितपत वाचतात, ते विचारा. मग निवडा. मुलगी, तांडा, शेतमजुराचं घर, अपंग मूल, वेगळ्या धर्माचा मित्र, हे सगळे त्या गठ्ठ्यात असू द्या. आणि शाळेने पुस्तकं कुलपात न ठेवता घरी न्यायला द्यावीत. फाटली तर फाटू देत. हाताळून फाटलेलं पुस्तक कामी आलं, असं समजावं.