सोळा लिटरचा घाट

रोडपालीत राहणाऱ्याला ट्रेलरचे अप्रूप नाही. शेजारी कळंबोलीचे स्टील मार्केट, पलीकडे तळोजा एमआयडीसी आणि कळंबोलीतूनच पुण्याकडे निघणारा द्रुतगती मार्ग. लोखंडी कॉइल लादलेला ४० टनांचा ट्रेलर इथून लोणावळ्याला पोचेपर्यंत जवळपास ६०० मीटर चढतो. एवढे वजन नुसते वर न्यायला सुमारे ६५ युनिट ऊर्जा लागते. लिटरभर डिझेलमध्ये साधारण १० युनिट असतात, पण इंजिन त्यातली जेमतेम चार चाकांपर्यंत पोचवते. म्हणजे निव्वळ चढाईचे १६ लिटर. वाऱ्याचा आणि रस्त्याचा विरोध वेगळाच.

या १६ लिटरचे वजन १४ किलोही भरत नाही. हेच काम बॅटरीला सांगितले, तर साडेतीनशे-चारशे किलोंची बॅटरी वाहावी लागेल. तेलाला अजून तोड का सापडत नाही, ते इथे कळते. साध्या पत्र्याच्या टाकीत ते मावते आणि काही मिनिटांत भरून होते.

पण त्याच १६ लिटरमधून सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. १४ किलोंचे ४२ कसे झाले? डिझेलमधला कार्बनचा अणू जळताना हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो. वाढलेले वजन त्यांचे. शिवाय नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळीचे सूक्ष्म कण रस्त्याकडेला राहणाऱ्यांच्या छातीत जातात. २०२० पासून बीएस-६ डिझेलमधले गंधक १० पीपीएमवर आले, हे चांगलेच झाले. पण जुनी इंजिने अजून धावताहेतच. आणि घाट उतरताना डिझेलचा ट्रेलर चढून कमावलेली ऊर्जा ब्रेक तापवण्यात घालवतो. विजेवरची गाडी तिच्यातली बरीच परत बॅटरीत भरते.

प्रश्न नुसत्या धुराचा नाही, तेल येते कुठून याचाही आहे. १९७४ मध्ये समुद्रात तेलविहिरी खोदणाऱ्या ‘सागर सम्राट’ने बॉम्बे हायला तेल शोधले, १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. समुद्राखालच्या नळाने ते उरणला येते, म्हणजे आपल्या जिल्ह्यातच. तरीही देशाला लागणारे ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात होते.

म्हणून डिझेल लांबच्या, घाटापलीकडच्या वाहतुकीसाठी राखावे. स्टील मार्केट ते तळोजा किंवा न्हावा शेवा अशा जवळच्या फेऱ्या करून रात्री यार्डात परतणाऱ्या गाड्या आधी विजेवर याव्यात. त्यासाठी यार्डातच चार्जिंग हवे, आणि ही मागणी रोडपाली-कळंबोलीकरांनी आत्ताच लावून धरायला हवी.